धरलेली जागा

१

एकतीस वर्षं कंडक्टरकी करून काकासाहेब निवृत्त झाले, तेव्हा पाथर्डी डेपोनं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि सुटकेचा श्वास सोडला. "मास्तर, ही गाडी नगरला जाती का?" असं पॅसेंजरनं विचारलं की "न्हाई, ड्रायव्हर नेतो तिला" असं उत्तर देणारा हा माणूस. डेपोची पीडा गेली आणि घरच्यांची सुरू झाली. मुलगा गोरक्ष, ठिबकच्या नळ्या विकणारा. सून मोनिका, झेडपीची शिक्षिका. आणि नात ज्ञानेश्वरी, वय वर्षं नऊ, घरात सगळे तिला माउली म्हणत. बायको असती तर तिचीही धडगत नव्हती, पण ती आधीच वर जाऊन बसली होती.

मग काकासाहेबांचे गुडघे गेले. त्यामागून लघवीचा त्रास लागला. दर तासाला गाडी थांबवा, आणि तीही आडोसा बघून. सहलीला निघताना गोरक्ष म्हणू लागला, "तात्या, तुमी घर राखा." इतक्या मायेनं म्हणायचा, की दारातल्या कुत्र्याला वाटायचं हे आपल्यालाच सांगतोय.

पडवीत भंगारातल्या एसटीचं दोघांचं सीट काकासाहेबांनी हौसेनं आणून ठेवलं होतं. घरचे गेले की ते खिडकीच्या बाजूला बसत. खिडकी नव्हतीच, पण सवय. शेजारची जागा रिकामी राही. रस्त्यानं जाणाऱ्याच्या खोड्या काढून झाल्या की त्या रिकाम्या जागेकडं बघत बसत. दोन वर्षं असं चाललं.

दिवाळीत माउलीनं पाय आपटला. "आजोबा नसतील तर मी पण न्हाई."

तेव्हा गोरक्षच्या डोक्यात चालत्या घराचं खूळ शिरलं. आत झोपायला, आत चहा करायला, आणि मुख्य म्हणजे संडास-बाथरूम आतच. नवी गाडी आवाक्यातली नव्हती. जुनी शोधायची ठरली.

२

नगरच्या बाहेर मनमाड रस्त्याला वाल्मिकचं जुन्या गाड्यांचं यार्ड होतं. जुनी गाडी विकणारा माणूस मुलगी दाखवणाऱ्या मामासारखा असतो. पुढचं सगळं सांगतो, मागचं काढत नाही.

त्यानं तीन गाड्या दाखवल्या. पहिलीचं छत गळत होतं. दुसरीत संडासाचं दार लावलं की माणूस आत मावत नव्हता, आणि माणूस आत गेला की दार लागत नव्हतं. काकासाहेबांनी दोन्ही प्रकार करून दाखवले. तिसरी कोपऱ्यात चिंचेखाली उभी होती. मिनीबस, तिचं घर केलेलं. पांढरी, काचा शाबूत, पण आठ महिने हलली नव्हती, त्यामुळं अंगावर बोटभर धूळ.

"माणसं किती तुमची?" वाल्मिकनं विचारलं.

"चार," मोनिका म्हणाली. "चौघं झोपतात ना यात?"

"झोपत्यात की. पुढच्या बाकाचा पलंग होतो, त्यावर दोघं. मागं खाली एक बर्थ, वर एक." वाल्मिक जरा घुटमळला. "तिघं असला तर मात्र लई ऐसपैस."

"चार सांगितलं तिनं," काकासाहेब म्हणाले. "मास्तरीन हाय, मोजता येतं तिला."

चावी फिरेपर्यंत त्यांना धीर निघेना. ते गाडीच्या मागं गेले. मागची खिडकी अर्धी उघडी होती. जत्रेच्या गाडीला लोक करतात तसं त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि खिडकीतून आत टाकला.

"खालचा बर्थ आपला," ते ओरडले. "जागा धरली. आता कुनी बोलायचं न्हाई."

माउली खिदळली. दार उघडलं, चौघं आत गेले. बसणाऱ्याच्या कपड्याला लागेल अशी धूळ सगळीकडं. टेबलावर धूळ, गॅसच्या शेगडीवर धूळ, मागच्या दोन्ही बर्थच्या रेक्झिनवर धूळ. काकासाहेबांचा टॉवेल खाली जमिनीवर पडला होता.

खालच्या बर्थवर एक रुमाल होता. पांढरा, निळ्या काठाचा, इस्त्रीची चौघडी. त्याच्यावर धूळ नव्हती.

३

आता इथं रुमालाचं शास्त्र सांगायला पाहिजे, कारण मोटारीतून फिरणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. एसटीत गर्दी असली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वेळेला तान्हं मूलसुद्धा आत टाकून जागा धरतात. तो रुमाल म्हणजे माणूस. मालक बाहेर तंबाखू मळत असेल, पण त्याची जागा बसलेली. ऊसतोडीला निघालेल्या माणसांची पाथर्डी स्टँडवर झुंबड उडे, रुमालावरून डोकी फुटत, आणि निवाडा काकासाहेब करत. "रुमाल दिसला, माणूस बसला," हा त्यांचा कायदा.

एकदाच त्यांनी तो मोडला होता. साडूचा मुलगा उभा होता म्हणून एका सीटवरचा रुमाल सहज उचलून मागं टाकला आणि डबल बेल दिली. गाडी फाटकाबाहेर पडताना आरशात कुणीतरी धावताना दिसलं. बाई का बाप्या, ते धुळीत कळलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, थांबू का? काकासाहेब म्हणाले, मागनं दुसरी हाय. दुसरी नव्हती. ती शेवटची होती. त्यावर ते तेव्हा हसलेही होते.

"हा कुनाचा?" त्यांनी वाल्मिकला विचारलं.

"आधीच्या पार्टीचा आसंल. टाका भाईर." वाल्मिक हे दारातूनच म्हणाला. आत आला नाही.

आठ महिन्यांची धूळ आणि रुमाल कोरा. काकासाहेबांच्या मनात हे आलं, नाही असं नाही. पण चौघं बघत होते, आणि चौघांसमोर गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी रुमाल दोन बोटांत उचलला. मधोमध किंचित दमट लागला, आत्ताच कुणी मान पुसावी तसा. मग ड्युटीवरचा आवाज काढून ते रिकाम्या बर्थला म्हणाले, "पाव्हनं, ही जागा म्हाताऱ्यांसाठी राखीव. तुमी वर बसा."

आणि त्यांनी तो रुमाल वरच्या बर्थवर ठेवला.

"आजोबा, ती माझी जागा हाय," माउली म्हणाली.

"मग भांड त्याच्याशी. कंडक्टरचा निकाल झाला."

सगळे हसले. वाल्मिक हसला नाही. त्याला वाटलं असेल, कशाला हलवला.

४

गोरक्षनं आपली जीप यार्डात ठेवली आणि दोन दिवस बघायला म्हणून ती गाडी घरी आणली. मोनिकानं ती धुतली, पुसली, गाद्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे भंडारदऱ्याकडं निघाले. काकासाहेबांचा आनंद काय सांगावा. संगमनेर येईपर्यंत ते तीनदा आत जाऊन आले. त्यातला एकदा तर गरजही नव्हती.

डबल बेलची त्यांनी सोय केली होती. दाराजवळच्या लोखंडी दांड्यावर बोटातली तांब्याची अंगठी दोनदा वाजवायची. टिंग टिंग. मगच गोरक्षनं गाडी हलवायची. माउलीला तो खेळ फार आवडला. गोरक्षही मानू लागला. बापाचं वेड मुलाला सोयीचं असलं की ते शिस्त ठरतं.

अकोले सोडल्यावर वळणं लागली. माउली पुढं बापाशेजारी बसली होती. मोनिका टेबलाशी पेपर तपासत होती. काकासाहेब खालच्या बर्थवर आडवे.

वरचा बर्थ कुरकुरला.

डावं वळण आलं की डावीकडं, उजवं आलं की उजवीकडं. काकासाहेब पडल्या पडल्या ऐकत राहिले. रिकामी फळी खडखडते. भरलेली फळी कुरकुरते. हा फरक त्यांना गुडघ्यातल्या दुखण्यासारखा आतून कळायचा. किती माणसं भरलीत ते चाकाच्या आवाजावरून सांगायची त्यांची पैज असे, डेपोत त्यांच्याशी ती कुणी जिंकली नव्हती. आणि आत्ता चाकं सांगत होती, पाच.

चारच्या वर पाणी धरा, त्यांनी मनात हिशोब घातला. टाकी भरलेली. गॅसची टाकी. मोनिकानं घेतलेली भांडी, ती तर लग्नाला पुरतील एवढी. झाला की पाचवा माणूस. बिपीची गोळी घेतली का आपण? घेतली.

तरी ते उठले. बर्थला पडदा होता, तो बोटभर सारला. गादीवर कुणी नव्हतं. उशाशी रुमाल, चौघडी तशीच. गाडी धुताना मोनिकानं तो काढला नव्हता का? विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या शिमग्याला त्यांनी चादर पांघरून तिला गोठ्यात घाबरवलं होतं. तिनं आठ दिवस बोलणं टाकलं होतं. आता काही सांगायला गेलं तर ती आधी चादर शोधेल.

गादी मधोमध दबलेली होती. मुलांच्या वजनानं दबते तेवढी नाही, मोठ्या माणसाच्या.

पडदा त्यांनी हळूच लावला. का कोण जाणे, झोपलेल्याची झोपमोड होऊ नये तसा.

५

राजूरला बाजार होता. दुपारचे साडेबारा, ऊन लख्ख. गोरक्ष चहाला उतरला, मोनिका भाजी बघायला, माउली तिच्यामागं. काकासाहेबांचे गुडघे आखडले होते, ते खालच्या बर्थवरच बसून राहिले, पाय खाली सोडून. उतरताना किती दाब पडले, ते त्यांनी मोजले नाहीत.

मिनीबसच्या पायरीवर माणूस चढला की गाडी त्या अंगाला दबते आणि पुन्हा वर येते. मागं बसलेल्याला ते पोटात कळतं. पहिला दाब जड आला, गोरक्ष. तो सरळ स्टिअरिंगवर गेला. दुसरा आला, मोनिका, हातात पिशव्या. तिसरा आला. त्याच वेळी मोनिका कोथिंबीर खाली पडली म्हणून वाकली होती, आणि काकासाहेब तिच्या पाठीआडून काही बघू शकले नाहीत. फक्त वरचा पडदा हलला आणि फळी कुरकुरली.

"झोपली वाटतं," मोनिका म्हणाली. "उन्हानं दमली. माउली, पाणी पिऊन झोप गं."

वरून उत्तर आलं नाही. पण कुणीतरी कूस बदलली.

तीन दाब, तीन माणसं. चौथे आपण. काकासाहेबांनी पुढं होऊन दांड्यावर अंगठी वाजवली. टिंग टिंग. गाडी निघाली.

गाव मागं पडलं. शेताडी लागली, घाटाचा चढ लागला. चाकं आता चारच म्हणत होती, आणि काकासाहेबांना बरं वाटलं. बघा, म्हणाले मनाशी, भांड्यांचंच वजन होतं.

भांडी मात्र कुठं उतरली नव्हती.

हे ध्यानात यायला आणि मोनिकाचा मोबाईल वाजायला एकच गाठ पडली. नंबर अनोळखी. तिनं कानाला लावला. तिचा चेहरा पुसून टाकल्यासारखा झाला.

"कोण? कोण बोलतंय? माउली?"

गोरक्षनं ब्रेक दाबला. सगळे पुढं झुकले. वरच्या बर्थवरचं वजनही पुढं सरकलं, फळी कुरकुरली, मग मागं टेकलं.

काकासाहेब पडद्यापासून एक हातावर उभे होते. मोनिका ओरडत होती, गोरक्ष गाडी वळवत होता. त्यांचा हात पडद्याकडं गेला. पडद्याखाली जिथं कापड संपतं तिथं चार बोटं दिसत होती, बर्थची कड धरलेली, वळणावर पडू नये म्हणून. मोठ्या माणसाची. नखांत माती.

त्यांनी हात मागं घेतला. एकतीस वर्षांत हजारो झोपलेले पॅसेंजर त्यांनी खांदा हलवून उठवले होते. हा एक उठवावासा वाटला नाही.

६

माउली पेरू विकणाऱ्या रतनबाईच्या पाटीशेजारी बसून पेरू खात होती. रडून डोळे लाल. मोबाईल रतनबाईच्या मुलाचा होता. रतनबाईनं तिघांनाही सोडलं नाही. "लेकरू सोडून जाता? आन् हे म्हातारं काय करीत हुतं, मोजाया येत न्हाई?"

एरवी अशा प्रश्नावर काकासाहेबांची जीभ लगेच सुटायची; आज ते गुडघे धरून माउलीशेजारी बसले.

"मी लई पळाले," माउली म्हणाली. "आजोबा, तुमी मागच्या खिडकीतून बघत हुता. तरी थांबवली न्हाई."

"मी?"

"रुमाल हलवत हुता की."

काकासाहेब टॉवेल वापरत. रुमाल त्यांनी जन्मात वापरला नव्हता.

गोरक्ष बापावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "तात्या, आता ही घंटा बंद करू. वय झालं तुमचं. कुनाचंबी हुतं."

"व्हय," काकासाहेब म्हणाले. "माझंच चुकलं. मोजण्यात चुकलं."

दुसरं काय सांगणार. खरं सांगितलं असतं तर ती त्यांची सगळ्यात वाईट मस्करी ठरली असती. भंडारदऱ्याचा बेत तिथंच मोडला. माउलीला आईच्या मांडीवर पुढं बसवलं. निघण्याआधी काकासाहेब एकटे मागं गेले. खालच्या बर्थवरचा आपला टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. वरचा रुमाल काढून दोन्ही हातांनी खालच्या बर्थवर ठेवला.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. "जागा तुमची. लेकराची सोडा."

आणि ते दाराजवळच्या एकट्या सीटवर जाऊन बसले, जिथं कंडक्टर बसतो. पाथर्डीपर्यंत वरच्या बर्थची फळी रिकाम्या फळीसारखी खडखडत आली. खालचा मात्र कुरकुरला.

७

गोरक्षनं गाडी घेतली.

"गाडीचा काय दोष?" तो म्हणाला. इंजिन चांगलं होतं, छत गळत नव्हतं, माणूस आत गेल्यावर दार लागत होतं. काकासाहेबांनी गाडीची खोडी काढून बघितली. टायर गेलेत म्हणाले, रंग फसवा म्हणाले, नंबर अशुभ म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक गोष्टीला नावं ठेवली, त्यानं आणखी एका गोष्टीला ठेवली. कोण ऐकणार?

जानेवारीत पुन्हा बेत ठरला. तीन रात्रींचा. मोनिकानं खालच्या बर्थवर नवी चादर घातली, गुडघ्याखाली घ्यायला उशी शिवली, गोळ्यांचा डबा खिळ्याला अडकवला. "तात्या, तुमची जागा तयार आहे," ती म्हणाली. राजूरबद्दल ती पुन्हा एका शब्दानं बोलली नव्हती. काकासाहेबांना तेवढ्यानं भरून आलं. दोन वर्षं ते याच वाक्यासाठी पडवीत बसले होते.

निघायच्या सकाळी ते पिशवी घेऊन गाडीत चढले. गोरक्ष हवा बघत होता, माउली कुत्र्याला भाकरी घालत होती.

नव्या चादरीवर, शिवलेल्या उशीशेजारी, रुमाल. चौघडी. निळा काठ.

काकासाहेब उभे राहिले. झोपायच्या जागा चार. एक धरलेली. आपण बसायचं तर त्याला उठवायचं, आणि उठवला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर जाणार. न उठवता आपण घरी राहायचं, तर तो या तिघांसंगं जाणार. तीन रात्री. जागा चार, माणसं चार, चाकांना काही फरक कळणार नाही. त्यांनी इकडून मोजलं, तिकडून मोजलं. मग मोजणं थांबवलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, रुमाल अदबीनं तळहातावर घेतला. दमट होता. आणि ड्युटीवरच्या आवाजात, पण मस्करीचा न लावता, शेवटच्या स्टॉपला ओरडतात तसं म्हणाले, "पाथर्डी. चला पाव्हनं, गाडी इथवरच. उतरून घ्या. माझ्यासंगं चला."

ते पायरी उतरले. गाडी दबली आणि वर आली. ते जमिनीवर उभे राहिले. गाडी पुन्हा एकदा दबली, आणि वर आली.

"काय झालं?" गोरक्षनं विचारलं.

"मी येत न्हाई रे. गुडघा धरलाय. जावा तुमी, घर राखतो."

"आजोबा," माउलीचा चेहरा पडला. "तुमची जागा?"

"माझ्या जागी तू पसर. ऐसपैस."

मोनिकानं त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या मुठीकडं. तिनं त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि गाडीत चढली. काकासाहेबांनी तिन्ही दाब मोजले. एक. दोन. तीन. थांबले. चौथा आला नाही. तेव्हा त्यांनी मागच्या पत्र्यावर अंगठी वाजवली.

टिंग टिंग.

मागच्या काचेत फक्त माउली होती, हात हलवत. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहिले. चाकं तीन माणसांची बोलत होती, हलकी.

मग ते पडवीत आले. कुत्रं उठून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं. काकासाहेबांनी रुमाल सीटच्या शेजारच्या जागेवर ठेवला आणि आपण खिडकीच्या बाजूला टेकले. ऊन चांगलं पडलं होतं. रस्त्यानं सायकलवरून कुणी गेलं, त्याची खोडी काढायचं त्यांना सुचलं नाही.

सीटच्या जुन्या स्प्रिंगा कुरकुरल्या. त्यांच्या मांडीखालचं रेक्झिन ताणलं जाऊन पलीकडं झुकलं.

काकासाहेबांनी तिकडं पाहिलं नाही. जरासे सरकून जागा दिली. खिशात नसलेलं तिकिटाचं बुक त्यांचा हात आपोआप चाचपू लागला.

"बोला पाव्हनं," ते म्हणाले. "कुठवर जायचं?"